जर्मन बालवाडीतला नाताळ: पहिल्यांदा जाणाऱ्या स्वयंसेवकासाठी

मी जर्मनीला निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "नाताळात तिकडेच असशील ना? मग काय, सांताक्लॉज बघायला मिळेल." सांताक्लॉज काही भेटला नाही. बर्फही पडला नाही. आणि ज्या दिवसासाठी महिना-दीड महिना धावपळ केली, त्या २४ डिसेंबरला आमच्या बालवाडीला चक्क कुलूप होतं.

कोलोनपासून रेल्वेनं तासाभरावरच्या एका गावात मी वर्षभर स्वयंसेवक होते, तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर. तिथे बालवाडीला 'किटा' म्हणतात. किटातला नाताळ म्हणजे मुख्यतः वाट बघणं. चार वर्षांच्या पोराला वाट बघायला कसं लावायचं, याचं तिथे एक जुनं, घोटलेलं तंत्र आहे. त्यात नवख्या माणसानं कुठे हात लावायचा आणि कुठे गप्प बसायचं, हे मला चुका करून कळलं. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून असं वर्ष करायचा विचार करत असाल, तर हे तुमच्यासाठी. तारखांच्या क्रमानंच सांगते.

आदल्या हिवाळ्यात: कागदपत्रं

मार्ग दोन आहेत. एक 'एफएसयोट', म्हणजे सामाजिक कामाचं स्वयंसेवी वर्ष. ते वयाच्या २७ वर्षांपर्यंतच करता येतं. दुसरा 'बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट'. हा शब्द जिभेवर बसेपर्यंत वर्ष संपतं, म्हणून तो करणाऱ्याला सगळे 'बुफदी' म्हणतात. तरुणांची सक्तीची लष्करी सेवा थांबवली तेव्हा, १ जुलै २०११ पासून, ही योजना सुरू झाली. तिला वरची वयोमर्यादा नाही. दोन्हींत करार होतो, खिशाखर्चाला थोडे पैसे मिळतात, आरोग्य विमा संस्था काढते, आणि २७ च्या आतल्यांना बारा महिन्यांत २५ दिवस शिबिरांचे असतात. जागा बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरपासून भरतात. म्हणजे अर्ज आदल्या नाताळाच्या सुमारास करायचा, कारण करार हातात आल्यावर व्हिसाची रांग वेगळीच. महाराष्ट्र आणि गोव्याच्या लोकांना ती मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे लावायची असते.

भाषा बी-वन पातळीची, म्हणजे रोजचं बोलणं निभावेल इतकी तरी हवी. मोठी माणसं तुमच्यासाठी सावकाश बोलतील. मुलं बोलणार नाहीत.

दोन कागद इथूनच तयार ठेवा. पहिला गोवराच्या लसीचा. १ मार्च २०२० पासून जर्मनीत कायदा आहे: १९७० नंतर जन्मलेल्या कुणालाही किटात काम करायचं तर गोवराच्या दोन मात्रा घेतल्याचा किंवा रोगप्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा दाखवावा लागतो. आपलं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड कुठल्या तरी ट्रंकेत असतं किंवा नसतंच. नसेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी दोन मात्रा घ्या. मध्ये किमान चार आठवडे जावे लागतात, तेव्हा शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका. दुसरा कागद पोलिसांचा चारित्र्य दाखला. जर्मनीत मुलांबरोबर काम करणाऱ्यांचा तिथला विशेष दाखला काढतातच, पण तुम्ही कालपरवाच आलेले. तुमच्या नावावर तिथे काय निघणार? म्हणून भारतातलाही मागू शकतात.

एक सावधगिरी. 'नाताळाचे दोन आठवडे परदेशी अनाथाश्रमात घालवा, फी अमुक इतकी' अशा जाहिराती दिसतात. तिकडे वळू नका. मुलांना लळा लावून पंधराव्या दिवशी निघून जाणं हा मुलांवर अन्याय आहे. शिवाय काही ठिकाणी पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून आईवडील असलेली मुलंही आश्रमात ठेवली जातात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांवरच्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली आहे. जो पैसे घेऊन मुलं 'भेटवतो' आणि तुमचा चारित्र्य दाखला मागत नाही, तो मुलांचा विचार करत नाही एवढं समजा.

पहिले आठवडे

घरात घालायचे बंद बूट वेगळे न्या. किटात बाहेरचे जोडे चालत नाहीत. रबरी गमबूट आणि पावसाळी विजार तिथेच घ्या. पाऊस असला तरी मुलं अंगणात जातात, आणि चिखलात बसलेल्या पोराला उचलायला तुम्हीच जाता. मुलं तुम्हाला नावानं, एकेरीत हाक मारतील. ताई-बाई काही नाही. आठवडाभर कानाला टोचतं, मग आवडायला लागतं.

फोटो काढू नका. मी कंदील करणाऱ्या मुलांच्या हातांचा एक फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप गटात टाकला. चेहरे नव्हते, म्हणून वाटलं चालेल. एका सहकारी बाईंना मी तो कौतुकानं दाखवला, आणि अर्ध्या तासात मी प्रमुख बाईंच्या खोलीत होते. त्या रागावल्या नाहीत. आईवडिलांची लेखी संमती म्हणजे काय, हे मात्र त्यांनी अशा थंड आवाजात समजावलं की रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आजीला दाखवायचं असेल तर रिकाम्या वर्गाचा फोटो काढा.

११ नोव्हेंबर: कंदील

ऱ्हाइनच्या काठच्या गावांत हंगामाची खरी सुरुवात संत मार्टिनच्या दिवसानं होते. गोष्ट अशी: मार्टिन रोमन सैनिक होता. कडाक्याच्या थंडीत त्याला एक भिकारी दिसला, त्यानं तलवारीनं आपला झगा अर्धा कापला आणि त्याला दिला. पुढे तो फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप झाला. संध्याकाळी मुलं हातानं केलेले कागदी कंदील काठीला लावून गावातून निघतात. पुढे घोड्यावर लाल झग्यातला मार्टिन असतो, खराखुरा घोडा. शेवटी मोठी शेकोटी, आणि प्रत्येक मुलाला 'वेकमान' मिळतो: गोड पावाचा माणूस, बेदाण्याचे डोळे, छातीशी मातीचा छोटा चिलीम-पाइप. त्या चिलिमीचं इतकं काही नाही, पण मुलं पाव बाजूला ठेवून आधी तीच उपटतात.

इथे तुम्हाला काही आयतं येतं, ते वापरा. कंदील आठवडा-दोन आठवडे आधीपासून करायला घेतात आणि तो कागद आपल्या पतंगाच्या कागदासारखाच असतो. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, मार्टिन त्यानंतर तीनच दिवसांनी. आकाशकंदील दाखवायला यापेक्षा सोयीची वेळ नाही. मात्र आधी विचारा, अर्ध्या तासाचा मामला ठेवा, आणि भाषण करू नका. मी पहिल्या प्रयत्नात राम, अयोध्या, चौदा वर्षं असं सगळं सांगायला घेतलं. जर्मनमध्ये 'वनवास' म्हणेपर्यंत तीन पोरं टेबलाखाली गेली होती. दुसऱ्या गटात नुसता षट्कोनी सांगाडा, कागद आणि डिंक ठेवला, आणि खालच्या झिरमिळ्या कापायला कात्री दिली. झिरमिळ्या अशा कापल्या की टेबल दिसेना.

कंदिलात मेणबत्तीऐवजी बहुधा बॅटरीचा दिवा असतो. जादा बॅटऱ्या खिशात ठेवा. मिरवणुकीत दिवा विझलेलं मूल कुणाचंच ऐकत नाही.

चार रविवार

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंट. २०२६ चा पहिला २९ नोव्हेंबरला येतो. सूचिपर्णी फांद्यांचं गोल कडं, त्यावर चार मेणबत्त्या, आणि दर आठवड्याला एक जास्त पेटते. किटा रविवारी बंद, त्यामुळे आम्ही सोमवारी पेटवायचो. दिवा घालवायचा, सगळ्यांनी गोल बसायचं, काडी ओढायची. वीस मुलांचा वर्ग काडीच्या त्या एका आवाजाला गप्प होतो. मी तर पहिल्या वेळी श्वासच रोखला होता.

या कड्याचा उगम मला फार आवडतो, कारण तो आपल्यासारख्याच एका मुलं सांभाळणाऱ्या माणसाच्या वैतागातून झाला. हॅम्बर्गमध्ये योहान हिनरिश विखेर्न नावाचा पाद्री गरीब, निराधार मुलांसाठी 'राउहेस हाउस' नावाची संस्था चालवायचा. डिसेंबर लागला की मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? नाताळ कधी? १८३९ मध्ये त्यानं एक जुनं गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर कामाच्या दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या लावल्या. रोज एक पेटवायची, उरलेल्या मोजायच्या. हिरव्या फांद्या मागाहून आल्या, आणि घराघरांत जाताना फक्त चार मोठ्याच उरल्या.

मोजण्याची दुसरी सोय म्हणजे ॲडव्हेंट कॅलेंडर. किटात दोरीवर २४ छोट्या कापडी पिशव्या टांगतात, रोज एका मुलाची पाळी. आत खाऊच असतो असं नाही. आमच्याकडे एक रंगीत गोटी आणि चिठ्ठी असायची, 'आज तू ठरव, कोणता खेळ'. पिशव्या भरणं हे हमखास बुफदीचं काम. पाळीची यादी भिंतीवर लागते, तिला हात लावू नका. आजारी मुलाची पिशवी कुणाला द्यायची हा प्रश्न आला तर ताईगिरी न करता शिक्षिकेला विचारा. मी एकदा दयाळूपणानं निर्णय दिला आणि त्याचे पडसाद शुक्रवारपर्यंत उमटत होते.

खिडकीत टोकदार कागदी तारा दिसला तर थांबून बघा. तो हेर्नहूटचा तारा, २५ टोकांचा. सॅक्सनीत नीस्की इथे मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाची निवासी शाळा होती. तिथली बरीच मुलं दूरदेशी धर्मप्रसारासाठी गेलेल्या आईवडिलांची. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या भूमितीच्या तासाला हा तारा जन्मला. वसईत किंवा गोव्यात नाताळाला घराघरांवर तारा लागलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना परक्या गल्लीत तो दिसला की जरा हायसं वाटतं.

५ डिसेंबरची संध्याकाळ आणि गुपितं

हे नीट वाचा, चुकलात तर वर्षभर ऐकावं लागेल.

६ डिसेंबर हा संत निकोलाउसचा दिवस. आदल्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराशी ठेवतात, सकाळी त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट. निकोलाउस म्हणजे मायरा गावचा बिशप: उंच टोपी, हातात वाकड्या मुठीची काठी. तो सांताक्लॉज नव्हे, आणि मुलांसमोर दोघांची गल्लत केलीत तर पाच वर्षांचं पोर तुम्हाला दुरुस्त करेल. नाताळाच्या भेटी आणणारा तर तिसराच. उत्तरेला आणि पूर्वेला 'वाइनाख्ट्समान', म्हणजे नाताळबाबा; दक्षिणेला आणि ऱ्हाइनकडे 'क्रिस्टकिंड', म्हणजे बाळ ख्रिस्त, जो कुणालाच दिसत नाही. मुलं त्याला पत्रं लिहितात आणि उत्तरं येतात. कोलोनजवळच्या एंगेल्सकिर्शेन गावात टपालखात्याचं यासाठी खास कार्यालय चालतं. तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिक्षिकेला विचारून घ्या: तुमच्याकडे कोण येतं?

६ तारीख रविवारी आली, जशी २०२६ मध्ये येतेय, तर किटा शुक्रवारी किंवा सोमवारी साजरं करतं. आमच्याकडे बूट नव्हते, मुलांनी घरून आणलेला एकेक मोजा होता. आदल्या दुपारी ते भरायचं काम माझ्याकडे. मोजे भरून मी बाहेर आले आणि सहकारी बाईंना मोठ्यानं सांगितलं, "दोन चॉकलेटं कमी पडली, मी दुकानातून आणते." कोट घालायच्या खोलीत एक मुलगी बुटाची वेलक्रो लावत बसली होती. तिनं वर पाहिलं.

"तू आणतेस?"

मला घाम फुटला. बाईंनी न अडखळता उत्तर दिलं, "निकोलाउसला मदतनीस लागतात. सगळ्या गावांत एकटा कसा पुरेल?" मुलीनं विचार केला, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी आख्ख्या वर्गाला सांगितलं की भारतातून आलेली ती निकोलाउसकडे कामाला आहे. डिसेंबरभर माझा भाव वधारलेला होता.

खाऊत दोन गोष्टी सांभाळा. ॲलर्जीची यादी स्वयंपाकघरात लावलेली असते. अक्रोड-बदाम भरण्याआधी ती वाचा. आणि रबरासारख्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं; मुसलमान घरांतल्या मुलांना ते चालत नाही, आणि तुम्ही शाकाहारी असाल तर तुम्हालाही नाही.

काही मुलांच्या घरी नाताळ नसतो. काही किटा चर्चच्या असतात, तिथे प्रार्थना आणि येशूजन्माची गोष्ट ओघानं येते. तुम्ही हात जोडलेच पाहिजेत असं कुणी म्हणत नाही. शांत उभं राहिलं की झालं.

बिस्किटं

डिसेंबरचा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात चिकट भाग. नाताळाच्या छोट्या बिस्किटांना 'प्लेट्सशन' म्हणतात: साच्यानं कापलेले तारे, व्हॅनिलाच्या चंद्रकोरी, दालचिनीच्या चांदण्या. अन्न हाताळायच्या आधी आरोग्य खात्याची एक छोटी सूचनावजा शिकवणी घेऊन दाखला मिळवावा लागतो. तुमचा काढलाय का, ते नोव्हेंबरातच विचारा.

पीठ मळायला मिळालं म्हणून मी खूश. पुरणपोळीच्या कणकेला द्यावं तसं चांगलं तेल-पाणी... म्हणजे तेवढं प्रेम दिलं. दहा मिनिटं मळलं. लोणी सुटलं, पीठ चकाकायला लागलं, आणि मुलांनी साचा दाबून तारा उचलला की तो ताणून मासा व्हायचा. वर्गप्रमुख बाईंनी गोळा उचलून तासभर फ्रीजमध्ये टाकला. हे पीठ गारच राहायला हवं, हात जितका कमी लागेल तितकं बरं. लहान लहान गोळे करून एकेकच बाहेर काढा. मुलांचे हात गरम असतात.

दुसऱ्या दिवशी एक बाई आजीचं लोखंडी खिमा-यंत्र घेऊन आल्या. टेबलाला स्क्रूनं आवळलं, तोंडाशी पट्टी बसवली, वरून पीठ टाकलं, आणि मुलं आळीपाळीनं मूठ फिरवू लागली. बाहेर आली नक्षीदार, धारा पडलेली लांब पट्टी. मला एकदम घरचा सोऱ्या आठवला, चकलीची चांदणीची चकती लावलेला. मी न राहवून एक पट्टी गोल वळवली. मुलं थांबली, मग सगळ्यांना गोलच हवं झालं. त्या वर्षी आमच्या किटातून घराघरांत चकलीच्या आकाराची जर्मन बिस्किटं गेली, आणि कुणी तक्रार केली नाही.

कच्चं पीठ चाटू देऊ नका, त्यात अंडं असतं. किमान चाटताना दिसू देऊ नका, असं आमच्या बाई म्हणायच्या.

२४ डिसेंबर: रिकामा गाव

कायद्यानं २४ आणि ३१ डिसेंबर सुट्टीचे दिवस नाहीत, पण किटा बहुधा नाताळ ते नववर्ष बंद असतं. ते दिवस तुमच्या रजेतून कापतात का, हे ऑक्टोबरातच विचारून ठेवा.

त्याहून मोठी गोष्ट किराण्याची. २४ तारखेला दुकानं दुपारी दोनपर्यंत मिटतात. २५ आणि २६ सार्वजनिक सुट्टी. २०२६ मध्ये हे शुक्रवार-शनिवार आहेत आणि पाठोपाठ रविवार. म्हणजे गुरुवारी दुपारी जे घरात असेल त्यावर सोमवार सकाळपर्यंत काढायचं. मोठ्या स्थानकातली काही दुकानं उघडी असतात, पण गावातून तिथवर जाणारी गाडीही त्या दिवसांत कमीच. डाळ-तांदूळ, दूध, बटाटे बुधवारीच आणा.

एकटेपणाचीही तयारी ठेवा. आपल्याकडे सण म्हणजे रस्त्यावर गर्दी. तिथे साडेचार-पाचच्या सुमारास अंधार पडतो, पडदे ओढले जातात आणि रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. जाहिरातीत दाखवलेला झगमगाट बाजारातला असतो, आणि बरेच नाताळबाजार २३-२४ पर्यंत आवरतात. म्हणून ते आधीच बघून घ्या. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा आहे. न्यूरेंबर्गचा पहिल्या ॲडव्हेंटच्या आदल्या शुक्रवारी सुरू होतो. मुलांबरोबर गेलात तर गरम वाइनऐवजी मुलांसाठीचं फळांचं सरबत मिळतं, आणि पेला परत दिला की त्याचे अनामत पैसेही.

२४ ला दुपारी गावच्या चर्चमध्ये जा. तिथे मुलं येशूजन्माचं नाटक करतात, आणि तुमच्या किटातलीच अर्धी मुलं मेंढ्या झालेली असतात. अर्धा तास आधी पोहोचा, नंतर उभं राहायलाही जागा नसते. आमच्या वर्गातला एक मेंढपाळ स्टेजवरून मला हात करत राहिला, शेवटी मेरीनं त्याला कोपरानं ढकललं.

कुणी घरी बोलावलं तर वेळेवर जा. पाच म्हणजे पाच. मांस खात नसाल तर आधी सांगा, कारण अनेक घरी त्या रात्रीचं जेवण बटाट्याचं सलाड आणि सॉसेज इतकं साधं असतं, त्यातलं अर्धंच तुमच्या वाट्याला येईल. दिवाळीसारखं पंचपक्वान्न शोधू नका. जेवण झालं की मुलं बंद दारापाशी बसतात. आतून छोटी घंटा वाजते, दार उघडतं, झाड उजळलेलं असतं, क्रिस्टकिंड नुकतंच खिडकीतून गेलेलं असतं. काही घरांत झाडाला खऱ्या मेणबत्त्या लावतात आणि कोपऱ्यात पाण्याची बादली ठेवतात. घंटा कोण वाजवतं हे बघायला मागे वळू नका.

६ जानेवारी

परत आल्यावर नाताळ संपलाय असं समजू नका. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा दिवस उरलाय, आणि कोलोनकडे त्याचं महत्त्व जरा जास्तच: त्या तीन राजांच्या मानलेल्या अस्थी ११६४ पासून कोलोनमध्ये आहेत आणि आज तिथल्या कॅथेड्रलमध्ये सोन्यानं मढवलेल्या पेटीत ठेवल्या आहेत. मुलं मुकुट आणि झगे घालून दारोदार गातात, जगभरच्या मुलांसाठी पैसे जमवतात आणि चौकटीवर खडूनं लिहितात: २०*सी+एम+बी*२७, म्हणजे वर्ष आणि मधोमध एका लॅटिन आशीर्वादाची आद्याक्षरं. डबीत टाकायला दोन-तीन युरोची नाणी दाराशी ठेवा, आणि नाणी देऊन झाल्यावर गोळ्याही. डबीतले पैसे त्यांचे नसतात, गोळ्या त्यांच्या.

त्यानंतरच्या आठवड्यात किटाच्या खिडक्यांवरचे कागदी तारे उतरवायचे असतात. शिडीवर कोण चढणार हे वेगळं सांगायला नको. चिकटपट्टीचे डाग काचेवरून नखानं निघत नाहीत. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं दाबून धरा, मग सुटतात. मुलांना खालून डबा धरायला सांगा, आणि फाटलेले तारे टाकू नका. ते पुढच्या वर्षी कुणी तरी जोडतं.